ग्रीक सोपी का युक्रेनियन? बोटीवर दोन्ही ऐकतोय, मराठी माणसानं आधी कुठली धरावी

कोरेगावचा_फोर्थ

नमस्कार मंडळी. मी कोरेगावचा, सध्या बोटीवर फोर्थ इंजिनियर. बल्क कॅरियर आहे, मालक ग्रीक, कॅप्टन पण ग्रीक, सेकंड इंजिनियर युक्रेनचा, बाकी फिलिपिनो पोरं आणि आम्ही चार भारतीय, त्यात मराठी मी एकटाच. कामाचं सगळं इंग्लिशमध्ये होतं, त्याचा काय प्रश्न नाही, पण रात्री मेसमध्ये बसलं की कॅप्टन बायकोला फोन लावतो ते ग्रीक आणि सेकंड पोरीशी बोलतो ते युक्रेनियन, आणि मी मधी बसून भात चिवडत दोन्ही ऐकत असतो. नेट मोजून मिळतं, अजून साडेचार महिने काढायचेत, म्हटलं यातली एक तरी भाषा थोडीफार घेऊन उतरावं.

आता घोळ असाय की दोन्हीची अक्षरं निम्मी सारखी दिसतात. सेकंडच्या मोबाईलमध्ये त्याच्या गावातल्या हॉटेलचा फोटो होता, पाटी मी वाचली "पेक्टोपाह", तो हसून हसून लाल झाला, म्हणे ते "रेस्तोरान" आहे. म्हणजे इंग्लिश पी दिसतो तो र, सी दिसतो तो स, एच दिसतो तो न. बरं म्हटलं, कळलं. मग तेच डोकं कॅप्टनच्या औषधाच्या खोक्यावर चालवलं तर पी चा र बरोबर आला पण एच तिथं "ई" निघाला. आयला.

दुसरं म्हणजे कॅप्टन मेसेजमध्ये ग्रीक टाकतो तेव्हा प्रश्न विचारला की शेवटी अर्धविराम देतो, मला वाटायचं वाक्य अर्धवट राहिलंय, पुढचं येईल म्हणून वाट बघत बसायचो.

आणि तिसरं, ॲपवरनं शिकून मी कॅप्टनला माझं साईन-ऑफ (बोट सोडून घरी जायचा दिवस) कधी म्हणून विचारायला गेलो, "कधी" ला "पोते" म्हणतात म्हणून पोते म्हटलं, तर चीफ मेट पण ग्रीकच, ते दोघं टेबल बडवून हसले आणि म्हणाले, बरं, मग राहा इथंच. काय बोललो मी अजून कळलं नाही.

तर या दोन भाषा एकमेकीच्या नात्यात आहेत का? आणि आपल्याला कुठली झेपेल? शाळेत संस्कृत पन्नास मार्कांचं होतं, तेवढंच भांडवल.

मिरज_जंक्शन

दादा, आधी सेकंडला एवढं विचारा की तुम्ही घरी नक्की काय बोलता. हे मी उगं सांगत नाहीये. मी मेडिकलला खारकीवला होते, २०२२ च्या मार्चात हंगेरीच्या बॉर्डरवरनं परत आले. तिथं लेक्चर इंग्लिशमध्ये पण वॉर्डात पेशंटशी बोलायचं तर रशियन लागायची, दुकानात पण तीच, पाट्या मात्र युक्रेनियनमध्ये. पूर्वेकडच्या आणि समुद्राकडच्या कित्येक घरांत तसंच होतं. लढाई सुरू झाल्यावर माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी ठरवून रशियन सोडली, आईशी सुद्धा युक्रेनियन बोलायला लागले. तुम्ही ॲपवरनं चुकून रशियन शब्द शिकून त्यांच्या तोंडावर टाकाल तर माणूस काही बोलणार नाही, पण गप्प होईल. तिकडं एक पावाचा प्रकार आहे, पल्यानित्सा, तो शब्द रशियन माणसाला नीट म्हणता येत नाही म्हणून लढाईत ओळख पटवायला तोच शब्द म्हणायला लावायचे. आपण ळ वरनं माणूस बाहेरचा आहे का ओळखतो ना, तसंच, फक्त तिथं जिवावरचं.

आता भाषेचं. पहिल्या दिवशी मला धक्का बसला तो "हो" ला. हो म्हणजे "ताक". खरंच. आमच्या वॉर्डनला काहीही विचारलं की "ताक, ताक" आणि मी आणि माझी रूममेट (ती तासगावची) तोंड दाबून हसायचो. सहाला "शिस्त" म्हणतात. नाही म्हणजे "नी".

पण एक सांगते, मराठी माणसाला युक्रेनियन हिंदीवाल्यांपेक्षा लवकर येते, हे मी तिथं डोळ्यांनी बघितलंय. एक म्हणजे नपुंसकलिंग. आमच्या बॅचमधल्या दिल्ली-लखनौच्या पोरांना दोन लिंगांची सवय, तिसरं कुठनं आलं म्हणून रडायची. आपल्याला तो-ती-ते आईच्या दुधातनं मिळतंय. आणि भूतकाळ बघा. तो झोपला, ती झोपली, ते झोपलं. त्यांचं: व्हीन स्पाव्ह, व्होना स्पाला, व्होनो स्पालो. क्रियापद कर्त्याच्या लिंगानं बदलतं, वर तो ल सुद्धा! मी परीक्षेत ते मराठीतनंच पाठ केलेलं.

दुसरं म्हणजे गावाचं नाव वाकतं. सातारा पण साताऱ्यात, आपण म्हणतो ना, "सातारात" म्हणणारा बाहेरचा. तसं खारकीव, पण खारकीवमध्ये म्हणायचं तर "उ खारकोवी". कीव्ह, पण "उ कीयेवी". आपल्या सामान्यरूपाची सवय असली की हे डोक्याला शॉट लागत नाही. विभक्त्या सात आहेत, संबोधन धरून.

तिसरं आवाज. त्यांचा ह आपल्यासारखा छातीतनं येतो, इंग्लिशसारखा नुसता वारा नाही. आणि चमच्यातला च! चहा-चिवड्याचा नाही, चमचा-चूक-चांदणं मधला च. तो त्यांच्याकडं स्वतंत्र अक्षर आहे. साखर म्हणजे "चुकोर", चूक मधला च घेऊन म्हणा, परफेक्ट येतं. हिंदीवाले बिचारे सुकोर म्हणायचे.

नावाचं पण आपल्यासारखं आहे, स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मॅडमना नुसतं मॅडम म्हणत नाहीत, ओलेना इव्हानिव्हना, म्हणजे इव्हानची लेक ओलेना, आणि हाक मारताना "ओलेनो इव्हानिव्हनो". सेकंडला "द्रूझे" म्हणा, म्हणजे मित्रा. मूळ शब्द द्रूह, हाक मारताना द्रूझे.

ग्रीकचं मला काही माहीत नाही, फक्त एवढं कळतंय की तुमचा कॅप्टन मजेशीर आहे.

कराड_नाका

कशाला रं हे सगळं, इंग्लिश येतंय ना पोटापुरतं. बोट सोडली की कोण विचारतंय ग्रीक आणि युक्रेनियन. त्यापेक्षा बोटीवरच्या इंजिनियरची क्लास फोर झाली, आता पुढच्या परीक्षेचा अभ्यास कर की भावा.

वाईकर_मास्तर

कराडकर, तुमचं म्हणणं व्यवहाराला धरून आहे पण साडेचार महिने रात्री करायचं काय हा त्या मुलाचा प्रश्न आहे, तो तुम्ही सोडवलेला नाही.

मी वाईला तीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, ग्रीक थोडी हौसेनं शिकलो, स्लाव भाषा फक्त व्याकरणाच्या पुस्तकांतून पाहिल्यात. तेव्हा उच्चारात चूक निघाली तर वरच्या मुलीचं खरं मानावं.

फोर्थसाहेब, तुमची पहिली गल्लत लिपीची. लिपी सारखी म्हणून भाषा जवळची असं नसतं. नेपाळी देवनागरीत लिहितात, वर्तमानपत्र हातात घ्या, प्रत्येक अक्षर वाचता येईल आणि निम्मं कळणार नाही. उलट आपली मराठी शेकडो वर्षं मोडीत लिहिली जात होती, म्हणून ती काही वेगळी भाषा झाली नाही. युक्रेनची लिपी ही ग्रीक लिपीची लेक आहे, भाषा मात्र लेक नाही, चुलत घराण्यातली आहे.

लिपीची गोष्ट अशी. नवव्या शतकात थेसालोनिकीचे सिरिल आणि मेथोडियस हे दोघे भाऊ ८६३ च्या सुमारास मोराव्हियात (आजच्या चेक देशाच्या बाजूला) स्लाव लोकांमध्ये धर्मकार्याला गेले. स्लाव भाषेसाठी त्यांनी जी लिपी घडवली ती ग्लागोलितिक, दिसायला अगदीच निराळी. आज जिला सिरिलिक म्हणतात ती नंतर बल्गेरियात तयार झाली, ग्रीक मोठ्या अक्षरांवरून, आणि नाव मिळालं सिरिलचं. म्हणजे त्यानं जी केली ती मागं पडली आणि जी केली नाही तिला त्याचं नाव. असो. त्या काळापर्यंत ग्रीक लोक बीटा अक्षराचा उच्चार ब सोडून व्ह करू लागले होते, म्हणून सिरिलिकमध्ये इंग्रजी बी सारखं दिसणारं अक्षर व्ह आहे आणि ब साठी वेगळं अक्षर करावं लागलं. श, च हे आवाज ग्रीकांत नव्हतेच, ती अक्षरं बाहेरून आणली. तुमचा एच सुद्धा यातच अडकलाय. ग्रीकांचं एच सारखं अक्षर ई चं, ते सिरिलिकमध्ये आलं आणि काळाच्या ओघात त्याची मधली दांडी तिरपी झाली. न च्या अक्षराची तिरपी दांडी मात्र आडवी झाली. दोघांनी एकमेकांचे कपडे घातले म्हणा. म्हणून एकीकडे एच म्हणजे ई आणि दुसरीकडे न.

आता नात्याचं. दोन्ही भाषा आपल्या संस्कृतच्याच मोठ्या कुळातल्या, भारोपीय. ग्रीक ही त्या कुळातली एकांडी शाखा, तिला सख्खी बहीण आज कोणी नाही. युक्रेनियन स्लाव शाखेतली, तिला रशियन, बेलारूसी, पोलिश अशा पुष्कळ बहिणी. पण ग्रीकचा लिखित पुरावा फार जुना. मातीच्या पाट्यांवर खरडलेला धान्य-मेंढ्यांचा हिशेब, इसवी सनापूर्वी चौदाव्या-तेराव्या शतकातला, तो मायकेल व्हेंट्रिस नावाच्या माणसानं १९५२ मध्ये उलगडला आणि ती ग्रीकच निघाली. हा माणूस पेशानं आर्किटेक्ट होता, हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो.

दहा हा आकडा घ्या. संस्कृत दश. ग्रीक देका. युक्रेनियन देस्यात. शंभर: शत, ग्रीक एकातो, युक्रेनियन स्तो. जिथं आपल्याकडे श आहे तिथं ग्रीकमध्ये क, युक्रेनियनमध्ये स. या एका खुणेवर युक्रेनियन आपल्या बाजूला बसते. पण लगेच युक्रेनियनला माळ घालू नका. लङ् लकार, म्हणजे संस्कृतचा भूतकाळ, आठवतोय का, गच्छति चं अगच्छत्, पुढं अ लागतो? पन्नास मार्कांत तेवढं असेलच. ग्रीकमध्ये आजही ग्राफो म्हणजे मी लिहितो आणि एग्राप्सा म्हणजे मी लिहिलं. तो पुढचा ए म्हणजे आपला अगच्छत् मधला अ. तो स्लाव लोकांनी केव्हाच सोडला, मराठीनंही सोडला, ग्रीकांनी तीन हजार वर्षं सांभाळला.

आणि मिरजेच्या बाई, तुम्ही दिलेला स्पाला-झोपली चा ल मोठा गोड आहे पण तो योगायोग. मराठीचा ल प्राकृतातल्या इल्ल वरून आलाय, त्यांचा वेगळ्या वाटेनं. धातू मात्र खरा आपला, स्वप्. त्यांची झोप "सोन", ग्रीकांची झोप "इप्नोस" आणि आपलं स्वप्न, तिन्ही एकाच पोटचे. लांडगा बघा. भीमाला वृकोदर का म्हणतात, वृक म्हणजे लांडगा. ग्रीक लीकोस, युक्रेनियन वोव्क. ऐकायला कुठं काही जुळत नाही पण व्याकरणवाल्यांनी नियम लावून एकाच शब्दापर्यंत नेलेत. आणि हाक मारताना ग्रीक म्हणणार लीके, युक्रेनियन म्हणणार वोव्चे, शेवटी दोन्हीकडे ए. ही संबोधन विभक्ती आहे. रशियननं ती जवळजवळ टाकून दिली, युक्रेनियननं जपली, ग्रीकनं जपली, आणि आपण मुला, मुली, मुलांनो म्हणतोच की.

एक राहिलं. मारियुपोल, सेवास्तोपोल, मेलितोपोल, ही नावं बातम्यांत ऐकली असतील. पोल म्हणजे ग्रीक पोलिस, नगर, आणि ते आपल्या पुर शी नात्यातलं मानतात. म्हणजे मारियुपोल आणि इस्लामपूर एकाच साच्यातले. अठराव्या शतकाच्या शेवटी राणी कॅथरीनच्या राज्यात ग्रीक नावं द्यायची टूम निघाली त्यातली ही. मारियुपोलला मात्र खरोखरच ग्रीक होते, १७७८ ते १७८० मध्ये क्रिमियातून हलवून आणलेले. त्यांतले काही रुमेइका नावाची ग्रीक बोलत आणि काही उरूम, जी तुर्की वळणाची भाषा. धर्म एक, ओळख एक, भाषा दोन.

हळदीचं_पोतं

मास्तर नमस्कार, एवढं वाचता वाचता चहा गार झाला.

मी सांगलीचा, हळदीचा व्यापार, थोडा बेदाणा पण करतो. भाषा-बिषा मला कळत नाही पण आमच्या एक्स्पोर्टच्या पाकिटामागं पाच-सहा भाषांत छापावं लागतं आणि प्रिंटरनं एकदा घोळ केल्यापास्नं प्रूफ मीच बघतो. हळद ग्रीकमध्ये कुर्कुमास, युक्रेनियनमध्ये कुर्कुमा. अरबीतला कुर्कुम तोच. आमच्या राजापुरी हळदीला जगभर असलं खणखणीत नाव आहे आणि आपण आपले हळद हळद करत बसलोय.

साखर विचाराल तर ग्रीक "झाखारी", एवढं जवळ की वाटतं आत्ताच कारखान्यावरनं उचलून नेलीय. ते आपल्या शर्करेवरनंच गेलेलं आहे म्हणे. युक्रेनचं चुकोर पण फिरून फिरून तिथनंच, फारशी-अरबी-इटालियन-जर्मन-पोलिश असा जगभर हिंडून पोचलाय तो. मिरीला ग्रीक पिपेरी, तिकडं पेरेच (चमच्याचा च), दोन्ही पिप्पलीचे. चहा ग्रीकमध्ये च़ाय म्हणतात, परत चमच्याचाच च, आणि युक्रेनवाले सरळ चाय. एकाच बाबतीत दोन्ही आपल्या जवळ नाहीत, बेदाणा. ग्रीक स्ताफीदा, युक्रेनियन रोद्झिंकी. मनुक्यांत ग्रीक आपले बापच आहेत, इंग्लिशमध्ये करंट म्हणतात ते काळे बारके मनुके, तो शब्दच त्यांच्या कॉरिंथ गावावरनं पडलाय. तासगावावरनं कधी असा शब्द पडणार देव जाणे.

फोर्थ, तू पोते म्हणून काय बोललास ते मलाही जाणून घ्यायचंय, नावाचा प्रश्न आहे.

पिरेयसचा_फलटणकर

पोत्याचं उत्तर माझ्याकडं आहे. पिरेयसला, म्हणजे अथेन्सच्या बंदरात, शिपिंग ऑफिसात सहा वर्षं काढलीत.

ग्रीकमध्ये जोर कुठं दिला त्यावर शब्द बदलतो. पोते, जोर पो वर, म्हणजे कधी. पोते, जोर ते वर, म्हणजे कधीच नाही. फोर्थनं कॅप्टनला सांगितलं, माझं साईन-ऑफ कधीच नाही. 😂 आपल्या मराठीत जोर कुठंही दिला तरी पोतं ते पोतंच राहतं त्यामुळं आपल्याला कानच नसतो त्याचा. मी स्वतः जिल्ह्याला कायदा म्हणायचो, नोमोस, पो-ते सारखंच प्रकरण. पण ग्रीकांची एक चांगली सोय आहे, एकापेक्षा जास्त अवयवांच्या प्रत्येक शब्दावर जोर कुठं ते रेघ मारून दाखवतात. पूर्वी तीन प्रकारच्या खुणा आणि वर श्वासाच्या दोन असायच्या, १९८२ ला सरकारनं सगळ्या काढून एकच ठेवली. युक्रेनियनमध्येही जोराचं असंच आहे पण लिहून दाखवत नाहीत, आमच्या डेस्कवरच्या ओडेसाच्या पोरानं सांगितलेलं, झामोक म्हणजे किल्ला आणि झामोक म्हणजे कुलूप. शोधा आता.

अर्धविराम हेच त्यांचं प्रश्नचिन्ह. शतकानुशतकं तेच आहे. कॅप्टन वाक्य अर्धवट सोडत नव्हता, तू उत्तर देत नव्हतास.

हो-नाही चं सांगतो कारण यात माझी अब्रू गेलीय. ग्रीकमध्ये हो म्हणजे "ने". फोनवर ग्रीक माणूस ने ने ने करतो आणि आपल्या फलटणच्या कानाला ते नै नै नै ऐकू येतं. पहिल्या आठवड्यात एका एजंटनं तीनदा ने म्हटलं आणि मी बॉसला सांगितलं, तो नको म्हणतोय. बरं नाही साठी "ओही" आहे पण घाईत ते पण म्हणत नाहीत, नुसती मान मागं, भुवया वर आणि जिभेनं च्च. आपली आजी दारावरच्या विक्रेत्याला करते ना, तसंच. ते च्च मात्र मला पहिल्या दिवसापास्नं कळलं.

अवघड काय तर स्पेलिंग. आपण शाळेत पहिली वेलांटी दुसरी वेलांटी म्हणून मार खाल्ला, इथं एकट्या ई ला पाच-सहा प्रकारे लिहितात, उच्चार सगळ्यांचा एकच. का, तर जुन्या काळी ते वेगवेगळे उच्चार होते. ब, ड, ग ची तर गंमतच, ती अक्षरं व्ह, द घासून, ग घासून अशी झाली, मग खरा ब पाहिजे तर म आणि प जोडून लिहायचा. केळ्याला बनाना म्हणतात, लिहितात म्पनाना. श आणि चहा-चिवड्याचा च नाही. ऑफिसात शिंदे होता त्याचा शेवटपर्यंत सिंदे राहिला.

सोपं काय तर विभक्त्या चारच उरल्यात. आणि धातूचं मूळ रूप, लिहिणे-खाणे वालं, ते गायबच आहे. मला जायचंय म्हणायचं तर थेलो ना पाओ, म्हणजे "पाहिजे की मी जावं". सगळ्या क्रियापदांना हाच ठेका, एकदा बसला की गाडी सुटते. युक्रेनियनच्या सात विभक्त्या आणि वर पूर्ण-अपूर्ण क्रियापदांच्या जोड्या, त्याच्यापुढं हे मला तरी परवडलं. ग्रीकमध्येही पूर्ण-अपूर्ण आहे पण तिथं धातू तोच राहतो, शेपूट बदलतं. हा, आर्टिकल लागतात, ओ-ई-तो, प्रत्येक नावापुढं, अगदी माणसाच्या नावापुढं सुद्धा. म्हणजे "तो फोर्थ आला" असंच म्हणायचं कायम.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवायची संस्था आहे ती दोन्हींना एकाच गटात टाकते, साधारण ४४ आठवडे, ११०० तास. पण ते इंग्लिशवाल्यांचं गणित. त्यांना तीन लिंगं आणि विभक्त्या म्हणजे डोंगर, आपल्याला तो अजिंक्यतारा, रोज सकाळी चढून येतो माणूस.

बाईमाणसाच्या आडनावाचं मास्तरांना आवडेल म्हणून सांगतो. पुरुष पापादोपुलोस तर त्याची बहीण पापादोपुलू. ती षष्ठी आहे, म्हणजे "पापादोपुलोसची".

वाईकर_मास्तर

आवडलं. चमत्कारिक आहे पण आवडलं. युक्रेनियनमध्ये इव्हानिव्हना, ग्रीकमध्ये षष्ठी, आणि आपल्याकडे मधलं नाव. बाप कुठंच सुटत नाही.

एक भर. ग्रीकांत १९७६ पर्यंत सरकारी आणि शाळेची भाषा ही कथारेव्हुसा, म्हणजे मुद्दाम जुन्या वळणाची "शुद्ध" भाषा होती आणि लोक घरी बोलत दिमोतिकी. प्रमाणभाषा आणि बोली हा आपला वाद त्यांच्याकडे दीडशे वर्षं चालला आणि १९०१ मध्ये बायबलच्या बोलीभाषेतल्या भाषांतरावरून अथेन्समध्ये दंगल होऊन माणसं मेली. युक्रेनियनचं दुखणं उलटं. तिथं बोली-प्रमाण नव्हे, भाषा आहे की नाही इथूनच सुरुवात. झारच्या राज्यात १८६३ आणि १८७६ ला युक्रेनियन पुस्तकं छापण्यावर बंधनं आली. पुढं सोव्हिएत काळात १९३३ मध्ये ग चं अक्षर वर्णमालेतून काढून टाकलं, ते १९९० ला परत आलं. म्हणून त्यांच्यात नेहमीचं गामासारखं अक्षर ह आणि ग साठी त्याच अक्षराला वर शेंडी. ग्रीस देशाला ते "ह्रेत्सिया" म्हणतात. ग्रीक स्वतः म्हणतात एलादा, आणि आपण म्हणायचो यवन.

कराड_नाका

मास्तर एक शंका, आपल्या मराठीत ग्रीक शब्द आहेत का काही? का नुसता सिकंदर आला आणि गेला.

वाईकर_मास्तर

आहेत तर. केंद्र! केंद्र सरकार, परीक्षा केंद्र, दूध संकलन केंद्र, ते मूळचं ग्रीक केंत्रोन, ज्योतिषाबरोबर संस्कृतात आलं. तुमचा कॅप्टन आजही केंद्रो म्हणतो, युक्रेनियन माणूस त्याच शब्दाचं लॅटिनमधून आलेलं त्सेंत्र म्हणतो. होरा, ज्योतिषातली, तीही ग्रीक. दाम, "छदाम नाही" मधला, तो द्राख्मा नाण्यावरून द्रम्म होऊन आला. आणि विहिरीला सुरुंग लावतात तो सुरुंग. तुम्ही एका दिवसात चार ग्रीक शब्द बोलत असाल, इंग्लिश येतंय ना म्हणून.

कराड_नाका

बरं बरं. मागं घेतो.

कोरेगावचा_फोर्थ

मंडळी चार दिवस नेट नव्हतं, एकदम सगळं वाचलं. इंजिन रूममधनं आल्या आल्या, हाताला अजून ग्रीस आहे (हे ग्रीस दुसरं).

मिरजेच्या ताईंनी सांगितलं तसं सेकंडला विचारलं. मिकोलाइवचा आहे. म्हणाला लहानपणी घरात रशियनच होती, बायकोशी पण तीच, आता तीन वर्षं झाली पोरीशी युक्रेनियनच बोलायची असं दोघांनी ठरवलंय, आणि त्याला स्वतःला कधीकधी शब्द सापडत नाही मग पोरगीच त्याला शिकवते. त्या फोनवर तो अडखळायचा ते मला वाटायचं रेंजमुळं. मग त्याला द्रूझे म्हटलं तर थांबला, परत म्हण म्हणाला. म्हटलं. त्यानंतर त्यानं मला तीन भांडी चहा पाजला आणि प्युरिफायर (तेल साफ करायचं मशीन) उघडायला स्वतः आला, जे तो कधी येत नाही.

मास्तरांचं मारियुपोलचं कॅप्टनला सांगितलं, त्याला माहीतच नव्हतं की तिकडं ग्रीक गावं आहेत, सेकंडला माहीत होतं, त्यावरनं दोघं जेवणाच्या टेबलावर अर्धा तास इंग्लिशमध्ये बोलत बसले, तोपर्यंत मी त्यांना तेलाच्या रिपोर्टशिवाय बोलताना बघितलं नव्हतं. कॅप्टननं मग ओडेसाचं सांगितलं, १८१४ साली तिथं ग्रीक व्यापाऱ्यांनी तुर्कांविरुद्ध गुप्त संघटना काढली, फिलिकी एतेरिया, त्यांच्या स्वातंत्र्याची सुरुवातच तिथनं. सेकंड म्हणाला, "ताक, ताक." मी पाण्याचा घोट घेतला होता, नाकातनं आला.

शिकायचं म्हणाल तर अक्षरं ग्रीकची घेतलीत, कारण फलटणकरांनी भरवसा दिलाय आणि औषधाचं खोकं आता वाचता येतंय. बोलायचं मात्र सेकंडकडनं चाललंय, कारण भूतकाळ खरंच मराठीसारखा आहे आणि तो चुका काढत बसत नाही. दोन्ही धरलं की दोन्ही जातं हे माहितीय, सांगू नका.

पोते परत विचारलं. यावेळी पो वर जोर, समोर आरशात म्हणून बघितलं होतं आधी. आणि पुढं "कापेतानिए" लावलं, संबोधन. कॅप्टननं चष्मा काढला, भुवया वर केल्या, मला वाटलं आता च्च करतोय. तर म्हणाला, "ओक्तोव्रिओ." सेकंड बाजूनं म्हणाला, "झोव्तेन." तो त्यांचा ऑक्टोबर, पानं पिवळी पडायचा महिना.

आईला फोन करून सांगितलं, दिवाळीपर्यंत येतोय. चारला वॉच आहे, जातो.